टर्नरचं चांदणं भिंतीवर: रोमँटिक काळातल्या तैलचित्राची चांगली प्रत ठाण्यात छापून घेताना

टर्नर, फ्रीडरिख किंवा कॉन्स्टेबल या रोमँटिक काळातल्या युरोपीय चित्रकारांचं चित्र घरात असावं असं वाटणारे बरेच जण ऑनलाइन तयार कॅनव्हास मागवतात आणि पार्सल उघडल्यावर हिरमुसतात. चित्र तेच असतं, रंगही साधारण तेच असतात, पण धुक्यातला जीव गेलेला असतो. अंधाराचा सपाट काळा ठिपका झालेला असतो आणि उजेड पांढराफटक पडलेला असतो. साधारण १७९० ते १८५० या काळातल्या या तैलचित्रांचं बळ त्या दोन टोकांच्या मधे असतं. करडा निळ्यात कसा विरघळतो, सावलीतून एखादी होडी कशी हळूहळू दिसू लागते, यावर ती चित्रं उभी असतात. म्हणून फाइल निवडण्यापासून खिळा ठोकेपर्यंत प्रत्येक ठिकाणी मी एकच गोष्ट तपासतो: हा मधला पट्टा टिकतोय ना?

उदाहरणादाखल एकच चित्र धरून चालू. टर्नरचं 'कीलमेन हीविंग इन कोल्स बाय मूनलाइट', १८३५ सालचं. इंग्लंडमधल्या टाइन नदीवर रात्री सपाट बुडाच्या होड्यांतून जहाजांत कोळसा भरणारे कामगार, वर चंद्र, उजवीकडे मशालींच्या ज्वाळा. मूळ चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे आणि त्याचं माप ९२.३ बाय १२२.८ सेंटिमीटर आहे. मँचेस्टरच्या हेन्री मकॉनेल या गिरणीमालकाने ते सांगून काढून घेतलं होतं. गाढ अंधार, लखलखता उजेड आणि त्यांच्या मधलं सगळं याच एका चित्रात असल्यामुळे छपाईची परीक्षा घ्यायला याच्याइतकं चांगलं चित्र क्वचितच मिळेल.

चित्र निवडतानाच फाइलचा विचार

ठाणेकराला टर्नरच्या 'रेन, स्टीम अँड स्पीड'चा मोह होणं अगदी साहजिक आहे. कोसळता पाऊस, नदीवरचा पूल आणि समोरून धावत येणारी आगगाडी. ते चित्र १८४४ चं. त्यानंतर नऊच वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ ला, बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला पोचली. पण हे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे आणि तिथल्या छायाचित्रांचा वापर अटींनी बांधलेला आहे. व्यावसायिक वापरासाठी रीतसर परवाना घ्यावा लागतो. ते हवंच असेल, तर गॅलरी स्वतः विकते ती प्रत मागवणं हा सरळ रस्ता.

यात दोन हक्क वेगळे समजून घ्या. टर्नर १८५१ साली वारला. भारतात चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो, त्यामुळे चित्रावर आता कुणाचा हक्क नाही. पण संग्रहालयाने त्या चित्राच्या काढलेल्या फोटोला त्यांच्या स्वतःच्या अटी असू शकतात. वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन, आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागो, क्लीव्हलँड म्युझियम ऑफ आर्ट यांनी आपल्याकडच्या हक्कमुक्त चित्रांच्या फाइली सर्वांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. टर्नरचं 'पार्लमेंटची आग' हे १८३५ च्या आसपासचं चित्र क्लीव्हलँडकडे आहे. मेट्रोपॉलिटनकडे त्याचं व्हेनिस आहे. दवाखान्यात किंवा कॅफेत लावणार असाल, तर अशा खुल्या संग्रहातलंच चित्र निवडा, म्हणजे पुढे प्रश्न उरत नाही.

फाइल नेहमी संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या. सर्च केल्यावर एकाच चित्राच्या दहा आवृत्त्या समोर येतात. एक पिवळट, एक निळी, एकीचा कॉन्ट्रास्ट इतका ताणलेला की रात्रीची दुपार झालेली. त्यातली मोबाइलवर सर्वांत उठावदार दिसते ती बहुधा मूळ चित्रापासून सर्वांत लांबची असते. 'कीलमेन'मधली रात्र निळी-हिरवट आणि उजळ आहे. ती गडद नेव्ही ब्लू दिसत असेल, तर कुणीतरी हात मारलेला आहे.

आता पिक्सेल. हिशोब साधा आहे: लांब बाजूचे पिक्सेल भागिले छापायचे इंच. फाइलची लांब बाजू ४००० पिक्सेल असेल, तर २४ इंचांच्या प्रिंटला दर इंचाला साधारण १६६ पिक्सेल मिळतात आणि २० इंचांच्या प्रिंटला २००. हातात धरून बघायच्या फोटोसाठी ३०० हवेत असं सांगतात आणि ते खरंही आहे. पण सोफ्याच्या वर, चार-पाच फुटांवरून बघायच्या तैलचित्राला १५० ते १८० पुरतात, कारण मूळ चित्रातच रेघा कातीव नसतात. १५० च्या खाली मात्र जाऊ नका. त्याऐवजी प्रिंट लहान करा. छोटं पण नेटकं प्रिंट चांगल्या माउंटमध्ये, म्हणजे भोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीत, फार देखणं दिसतं.

फाइल लहान पडली की छापणारे हल्ली एआयने मोठी करून देतो म्हणतात. टर्नरच्या बाबतीत माझा याला ठाम विरोध आहे. ते सॉफ्टवेअर नसलेले तपशील रचतं. धुक्यात खोटा पोत येतो, पाण्यावरचा जाड रंग प्लॅस्टिकसारखा गुळगुळीत होतो आणि मागे दूरवर करड्या रंगाच्या दोन-चार फटकाऱ्यांत सुचवलेली जहाजं आणि कारखाने काहीतरी भलतंच होऊन बसतात. चित्रकाराने मुद्दाम अस्पष्ट ठेवलेलं स्पष्ट करून घ्यायचं नसतं.

फाइल सेव्ह करताना पुन्हा पुन्हा जेपेगमध्ये टाकू नका. दरवेळी आकाशातले बारीक चढउतार थोडे पुसले जातात आणि छापल्यावर चंद्राभोवती पायऱ्या-पायऱ्यांची वलयं उमटतात. छापणाऱ्याला ती व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून तर अजिबात पाठवू नका. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, ड्राइव्हची लिंक द्या किंवा सरळ पेनड्राइव्ह घेऊन जा.

छापणारा शोधणं

वागळे इस्टेटमध्ये किंवा खाडीपलीकडे तुर्भे-महापे पट्ट्यात छापखान्यांना तोटा नाही. पण त्यातली बहुतेक यंत्रं फ्लेक्स, बॅनर, पॅकेजिंग आणि ऑफसेटची आहेत. आपल्याला हवं ते काम पिगमेंट शाईच्या, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेल्या शाईच्या इंकजेटवर होतं. त्यात नेहमीच्या चार रंगांखेरीज फिकट निळा, फिकट गुलाबी, एक-दोन करडे अशा जास्तीच्या शाया असतात. या करड्या शायाच धुकं सांभाळतात. चारच रंगांत छापलं की फिकट भागात ठिपके दिसू लागतात आणि करड्यात हिरवट किंवा गुलाबी झाक येते.

फोनवर विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. शाई पिगमेंट आहे की डाय, म्हणजे विरघळलेल्या रंगाची? आर्काइव्हल, म्हणजे वर्षानुवर्षं टिकणारा कॉटन पेपर कुठल्या कंपनीचा आहे? त्या पेपरचं आयसीसी प्रोफाइल, म्हणजे त्यावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल, मिळेल का? टेस्ट स्ट्रिप, म्हणजे चित्राच्या काही भागांची नमुना छपाई, काढून द्याल का? शेवटच्या प्रश्नाला आढेवेढे घेणाऱ्याकडे काम देऊ नये, बाकी उत्तरं कितीही चांगली असली तरी. दर सांगण्याच्या पद्धतीतूनही बरंच कळतं. फाइन आर्टवाले बहुधा चौरस इंचावर दर सांगतात आणि आधी 'पेपर कुठला?' विचारतात. चौरस फुटाचा दर सांगून 'ग्लॉसी की मॅट?' एवढंच विचारणारा सहसा साइनबोर्डच्या कामातला असतो. ठाण्यात मनासारखं कुणी सापडलं नाही, तर छायाचित्रकार आपल्या प्रदर्शनांची प्रिंट्स कुठे काढतात ते विचारा. त्यांना चांगल्या जागा माहीत असतात.

कागद की कॅनव्हास

या निर्णयावर मी सर्वांत जास्त वेळ घालवायला सांगेन.

कॅनव्हासचा मोह समजण्यासारखा आहे. मूळ चित्र कॅनव्हासवर आहे, काच लागत नाही, चकाकी येत नाही. पण प्रिंटच्या कॅनव्हासची वीण मूळच्या विणीशी काहीच संबंध ठेवत नाही. धुक्यासारख्या मऊ भागात ती वीणच आधी डोळ्यांत भरते. त्यात आपली हवा. जुलैत ठाण्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि मे महिन्यात एसीच्या खोलीत ती एकदम खाली येते. कॅनव्हास सैल पडतो, पुन्हा ताणला जातो, आणि लाकूड नीट वाळवलेलं नसेल तर चौकट पिळवटते. तरीही कॅनव्हासच हवा असेल, तर कॉटनचं प्रमाण जास्त असलेला घ्या, वरून यूव्ही संरक्षक व्हार्निश मारून घ्या आणि कोपऱ्यांत पाचरी बसवता येतील अशी चौकट मागा. चित्राच्या कडा बाजूला वळवू देऊ नका. 'कीलमेन'मध्ये डावीकडे पाण्यात तरंगणाऱ्या बोयावर (खुणेच्या पिंपावर) टर्नरने आपली आद्याक्षरं घातली आहेत. कडा वळवल्या की चित्राची मांडणीच बिघडते.

वर जेल फासून ब्रशचे फटकारे उठवून देण्याची सोयही काही ठिकाणी असते. ते फटकारे टर्नरच्या हाताच्या दिशेने जात नाहीत, ते जेल लावणाऱ्याच्या हाताच्या दिशेने जातात. खरं तर तैलचित्राचा भास निर्माण करण्याची ही धडपड आपल्याकडे जुनी आहे. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली गिरगावात छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या ओलिओग्राफनी, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत शिळाछाप चित्रांनी, लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचवल्या. एकेका रंगासाठी वेगळा दगड वापरून केलेलं ते काम आजही थक्क करतं, कारण त्या कारागिरांनी छपाई हेच आपलं माध्यम मानून त्यात कमाल गाठली. प्रतीने प्रत म्हणून उत्तम असावं.

म्हणून माझी पसंती कागदाला. १०० टक्के कॉटनचा, ३०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅम वजनाच्या) आसपासचा. यात दोन मुख्य जाती. मॅट कागदाचा पृष्ठभाग मखमली असतो, चकाकत नाही, पण त्यावरचा काळा थोडा दबलेला, कोळशासारखा दिसतो. बरायटा कागदाला हलकी साय धरल्यासारखी चमक असते आणि काळा खोल उतरतो. हानेम्युले या जर्मन कंपनीचा फोटो रॅग ३०८ जीएसएम हा मॅटमधला सर्वपरिचित कागद आहे. त्याच कंपनीचा 'विल्यम टर्नर' नावाचा खरबरीत पोताचा कागदही आहे. नाव बघून तोच घ्यावासा वाटेल, पण त्याचा पोत जलरंगांना जास्त साजतो. रात्रीच्या दृश्यात तो सावल्यांवर पसरतो.

फ्रीडरिखचा धुक्याच्या समुद्राकडे पाठमोरा उभा असलेला प्रवासी, १८१८ च्या सुमाराचा, हॅम्बुर्गच्या कुन्स्टहालेत आहे. त्याच्यासाठी मी निःशंक मॅट निवडेन, कारण प्रवासी आणि त्याच्या पायाखालचा खडक सोडला तर त्यात बहुतेक फिकट धुकंच आहे. 'कीलमेन'साठी बरायटा, कारण उजवीकडच्या होड्या, माणसं आणि कोळशाचा धूर यांतला फरक मॅटवर एकमेकांत मिसळण्याचा धोका असतो. शंका असेल तर टेस्ट दोन्ही कागदांवर काढा. मोठ्या प्रिंटच्या तुलनेत हा खर्च अगदी किरकोळ आहे.

फार शुभ्र कागद टाळा. तो शुभ्रपणा बहुतेकदा ऑप्टिकल ब्राइटनर या कागद उजळ दाखवणाऱ्या रसायनामुळे असतो. काही वर्षांत तो उतरतो आणि चांदण्याचा रंगच बदलतो. 'ब्राइटनर नसलेला' असं स्पष्ट लिहिलेला, किंचित दुधाळ कागद मागा.

टेस्ट स्ट्रिप

सगळ्या कामाचा निकाल इथे लागतो. अख्खं चित्र एफोर आकारात छापून बघण्यात अर्थ नाही, कारण लहान केल्यावर सगळंच छान दिसतं. अंतिम आकारात, म्हणजे २४ इंच रुंदीचं चित्र धरून, त्यातले तीन तुकडे जसेच्या तसे एका कागदावर छापून घ्या. एक चंद्र आणि त्याच्या भोवतीचं आकाश. दुसरा उजवीकडच्या मशाली आणि त्यांच्या आजूबाजूचा अंधार. तिसरा डावीकडचा बोया आणि त्याच्याजवळचं पाणी.

स्ट्रिप घरी आणा, रात्रभर सुकू द्या आणि मग बघा. चंद्राभोवती वलयांच्या पायऱ्या दिसतात का? चंद्रप्रकाश पाण्यावर पडतो तिथे टर्नरने रंग जाड थापला आहे. त्या उजेडात अजून पिवळे-पांढरे थर वेगळे दिसतात, की नुसता कोरा कागद उरला आहे? मशालींमागच्या अंधारात माणसांच्या आकृती मोजता येतात का? बोयावरची अक्षरं दिसत नसली, तरी तिथे काहीतरी आहे एवढं कळतं का? हे सगळं एकदा सकाळी खिडकीपाशी आणि एकदा रात्री त्याच खोलीतल्या दिव्याखाली बघा. उन्हात करडा दिसणारा भाग स्वस्त एलईडीखाली हिरवट दिसू शकतो.

स्ट्रिप स्क्रीनपेक्षा गडद वाटणारच, कारण स्क्रीनला मागून उजेड असतो. तुलना करण्याआधी लॅपटॉपचा ब्राइटनेस बराच कमी करा आणि नाइट मोड बंद करा. त्यानंतरही सावल्या बुडत असतील, तर छापणाऱ्याला फक्त सावल्या किंचित उचलायला सांगा. 'थोडं ब्राइट करू का?' याला मात्र नाही म्हणा. सगळं चित्र उजळलं की आकाशातला मधला पट्टा पहिल्यांदा मरतो. ऑटो लेव्हल, शार्पन, सॅच्युरेशन यांना हात लावायचा नाही हे तोंडी सांगा आणि ऑर्डरवरही लिहून द्या. जाणकार छापणारा असेल, तर त्याला कागदाच्या प्रोफाइलवर सॉफ्ट प्रूफ करून, म्हणजे छापलेलं कसं दिसेल ते स्क्रीनवर, दाखवायला सांगा. स्ट्रिप मंजूर झाली की तिच्यावर तारीख, कागद आणि सेटिंग लिहून एक तुकडा स्वतःकडे ठेवा.

मापाचं म्हणाल, तर मूळ चित्राचं प्रमाण जवळपास चारास तीन आहे, म्हणून २४ बाय १८ इंचांत काहीही कापावं लागत नाही. तयार फ्रेमच्या मापात बसवायला चित्र कापू देऊ नका. चारही बाजूंनी किमान एक इंच कोरा कागद सोडायला सांगा, फ्रेमवाल्याला धरायला जागा लागते. लॅमिनेशन नको, कितीही फुकट मिळालं तरी.

कुणी हेच प्रिंट 'लिमिटेड एडिशन' म्हणून, क्रमांक आणि सर्टिफिकेट लावून विकत असेल, तर त्या क्रमांकाचे जास्त पैसे मोजू नका. टर्नरने त्यावर सही केलेली नाही. पैसे कागदाचे, शाईचे आणि छापणाऱ्याच्या नजरेचे द्यायचे.

फ्रेम, काच आणि पावसाळा

प्रिंट आणताना ते बटर पेपरमध्ये गुंडाळून रुंद नळीत ठेवा. अरुंद नळीत कॉटन कागदावर कायमच्या घड्या पडतात. गर्दीच्या लोकलमध्ये तर नकोच.

आपल्याकडच्या नेहमीच्या फ्रेमिंगमध्ये प्रिंट मागच्या बोर्डला चिकटवतात, वर काच थेट टेकवतात, मागे एमडीएफ किंवा प्लाय ठोकतात आणि तपकिरी टेपने बंद करतात. यातली प्रत्येक गोष्ट कॉटन प्रिंटला घातक आहे. फ्रेमवाल्याला आधीच सांगा: माउंट बोर्ड आम्लविरहित हवा, प्रिंट फक्त वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांनी आणि गव्हाच्या स्टार्चच्या खळीने टांगायचं, फेव्हिकॉल किंवा डबल टेप लावायची नाही. कागद दमट हवेत फुगतो, त्याला हलायला जागा हवी. चारही बाजूंनी चिकटवलं की पहिल्याच पावसात लहरी पडतात.

काच आणि प्रिंट यांच्यामध्ये माउंटची जाडी राहिलीच पाहिजे. टेकलेल्या काचेला बाष्प धरतं आणि कागद तिला चिकटतो. गडद चित्रावर साधी काच आरशासारखी वागते. 'कीलमेन'च्या उजव्या भागात तुम्हाला होड्यांऐवजी तुमचा ट्यूबलाइट दिसेल. बजेट जमत असेल तर परावर्तन कमी करणारी, यूव्ही अडवणारी काच घ्या. दोन्हीपैकी एकच परवडत असेल, तर या चित्रासाठी मी परावर्तन कमी करणारी काच निवडेन आणि उन्हाची काळजी जागा निवडून घेईन. खरखरीत 'नॉन-ग्लेअर' काच मात्र नको. ती स्वतःच एक धुकं घेऊन येते आणि टर्नरच्या धुक्यावर बसते.

मागचा बोर्ड आम्लविरहित फोमचा किंवा ॲल्युमिनियम कॉम्पोझिटचा ठेवा आणि सगळ्या कडा ॲल्युमिनियम टेपने बंद करा. बंद करण्याचा दिवस मात्र जपून निवडा. भर जुलैत, दमट दुकानात सील केलेली फ्रेम ओल आत कोंडून घेते आणि मग बुरशी काचेच्या आतून वाढते. शक्य असेल तर हे काम नोव्हेंबर ते मार्चमध्ये करा. पावसाळ्यातच करायचं असेल, तर प्रिंट, माउंट आणि बोर्ड एक-दोन दिवस एसीच्या किंवा डिह्युमिडिफायरच्या खोलीत ठेवून तिथेच सील करून घ्या.

जागा आणि उजेड

बाहेरच्या भिंतीवर, विशेषतः पावसाचा मारा बसणाऱ्या बाजूला, चित्र लावू नका. बाथरूमच्या मागची भिंतही टाळा. घोडबंदर रोडच्या उंच इमारतींत येऊरच्या बाजूचं दुपारचं ऊन थेट हॉलमध्ये उतरतं. त्या खिडकीच्या समोरची भिंत सोडून तिच्याच रांगेतली भिंत घ्या. पिगमेंट शाई डायपेक्षा खूप टिकाऊ असली, तरी रोजच्या थेट उन्हापुढे तिचंही चालत नाही.

चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ ते ६० इंचांवर ठेवा. आपल्याकडे चित्रं सवयीने फार उंच लावली जातात. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराची बटणं लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळेल. दिवा २७०० ते ३००० केल्व्हिनचा, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर असलेला घ्या आणि छतावरून तिरका सोडा. फ्रेमला जवळ चिकटवलेला पिक्चर लाइट या चित्राला नको. चंद्राजवळ उजेड साचतो आणि खालच्या होड्या बुडतात.

फ्रेमच्या मागे एक लहान लेबल लावा: चित्रकार, चित्राचं नाव, १८३५, मूळ संग्रहालय, 'प्रतिकृती', कागद, शाई, छापल्याचा महिना. घर बदललं किंवा चित्र कुणाला दिलं, तरी पुढच्या माणसाला ते काय आहे हे कळेल. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबला की फ्रेम खाली उतरवून मागची टेप सुटली आहे का, कोपऱ्यात बुरशीचे ठिपके किंवा कसर दिसते का ते बघा. काच पुसताना पाणी किंवा क्लीनर काचेवर फवारू नका. कापडावर घेऊन पुसा, कारण फवारलेलं पाणी कडेवरून ओघळत थेट माउंटमध्ये शिरतं.